शेवटची कसारा आणि कॅसाब्लांका

खडवलीला राहणाऱ्या माणसाला कुठल्याही सिनेमाचा शेवट माहीत नसतो. निदान माझ्या तरुणपणी तरी नसे. खडवली कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही (असे लोक जगात पुष्कळ आहेत, त्यातले काही कल्याणला राहतात) त्यांच्यासाठी सांगतो. कल्याण सोडून कसाऱ्याच्या बाजूला निघालं की शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. टिटवाळ्यापर्यंत लोक गणपतीसाठी येतात. खडवलीपर्यंत रविवारी भातसा नदीत डुंबायला येतात. बाकीच्या दिवशी इथे फक्त आम्ही येतो, कारण आम्हाला दुसरीकडे जायला घर नाही.

मुंबईहून टिटवाळ्यापर्यंत जाणाऱ्या गाड्या वेगळ्या आणि पुढे जाणाऱ्या वेगळ्या. रात्रीची शेवटची पुढे जाणारी गाडी चुकली की टिटवाळ्याच्या फलाटावर महागणपतीचं नाव घेत पहाट करायची. त्यामुळे मुंबईत नोकरी करणारा खडवलीकर सिनेमाला बसला की त्याचा एक डोळा पडद्यावर आणि दुसरा मनगटावर. नायक, नायिका आणि खलनायक एकत्र येऊन आता काहीतरी होणार असं वाटू लागलं की आमच्या रांगेतला एक माणूस ‘जरा पाय घ्या’ म्हणत उठायचा. तो मी.

अशा परिस्थितीत १९७४ साली मी ‘कॅसाब्लांका’ पाहिला. म्हणजे चार पंचमांश पाहिला.

तेव्हा मुंबईत जुने इंग्रजी सिनेमे अधूनमधून पुन्हा लागत. ऑफिसातल्या एका जाणकाराने ‘तू हा पाहिला नाहीस तर तू सिनेमाच पाहिला नाहीस’ असं सांगितलं होतं. मी रात्रीच्या खेळाला जाऊन बसलो. आधी सरकारी वार्तापट, मग साबणाच्या जाहिराती, मग मध्यंतर. सिनेमा स्वतः १०२ मिनिटांचा, पण आमच्याकडे १०२ मिनिटांचा सिनेमा पाहायला अडीच तास लागायचे. इंग्रजी म्हणाल तर माझं शाळेतलं. खाली अक्षरं उमटत नव्हती. हंफ्री बोगार्ट हा तर ओठ न हलवता बोलणारा माणूस. पहिला अर्धा तास मला वाटत होतं की तो दाढदुखीने हैराण आहे.

पण एवढं कळलं. दुसरं महायुद्ध चालू आहे. हिटलरच्या तावडीतून निसटलेली माणसं आफ्रिकेतल्या कॅसाब्लांका या गावी येऊन अडकली आहेत. तिथून लिस्बन, लिस्बनहून अमेरिका. पण बाहेर पडायला परवाना हवा. तो मिळेपर्यंत सगळे रिक नावाच्या माणसाच्या कॅफेत बसून वाट पाहताहेत. हा रिक म्हणजे बोगार्ट. त्याला पॅरिसमध्ये एका मुलीने फलाटावर तंगवलं होतं. शेवटची गाडी, धो धो पाऊस, हातात चिठ्ठी, आणि मुलगी नाही. हा प्रसंग पाहिल्यावर माझं त्या सिनेमाशी नातंच जडलं. शेवटच्या गाडीचं दुःख ज्याने पडद्यावर आणलं तो दिग्दर्शक कधीतरी कसारा लाइनवर राहिलेला असणार, अशी माझी खात्री झाली. (तो मायकेल कर्टिझ होता, हंगेरीतला. त्यांच्याकडेही गाड्यांची बोंब असावी.)

तर ती मुलगी, इल्झा, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन, एक दिवस त्याच कॅफेत येते. बरोबर एक उंच, गंभीर, कपाळावर व्रण असलेला गृहस्थ. हा व्हिक्टर लाझ्लो, नात्झींच्या छळछावणीतून सुटलेला मोठा पुढारी. इंग्रजी नीट न कळल्यामुळे मला बराच वेळ तो तिचा थोरला भाऊ वाटला. त्याचं तिच्याशी वागणंही तसंच होतं. मग कळलं की नवरा आहे. दोघांना पळून जायला परवाने हवेत आणि नेमके ते रिककडे. तो देत नाही. ती रात्री त्याच्या खोलीत येते, पिस्तूल रोखते, मग रडते, आणि म्हणते की आता मला काही समजत नाही, आपल्या दोघांच्याही वतीनं, सगळ्यांच्याच वतीनं, तूच काय तो विचार कर.

इथे मी घड्याळ पाहिलं आणि ‘जरा पाय घ्या’ म्हटलं.

शेवटची कसारा मिळाली. खिडकीही मिळाली. ठाण्यापासून खडवलीपर्यंत मी उरलेला सिनेमा स्वतः पुरा केला. त्यात अवघड काही नव्हतं. मुलगी रडून सांगते आहे की तूच ठरव, परवाने खिशात आहेत, मग माणूस दुसरं काय ठरवील? ती दोघं विमानात बसून अमेरिकेला गेली. थोरला भाऊ, म्हणजे नवरा, देशकार्य करत मागे राहिला. मला हा शेवट इतका पसंत पडला की पुढची बत्तीस वर्षं मी तोच लोकांना सांगत होतो. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला खडवलीच्या पुलावर नेऊन सांगितला. ती सोलापूरची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि नवऱ्याचं काय झालं?” मी म्हटलं, “तो मोठा माणूस होता गं.” ती म्हणाली, “अस्सं.” या ‘अस्सं’चा अर्थ मला पुढे कळला, पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या.

खरा शेवट २००६ साली कळला. मुलाने तबकडी आणली होती. खाली इंग्रजी अक्षरं उमटत होती. त्या खोलीतल्या प्रसंगापाशी येतो न येतो तोच वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमनाचं वेळापत्रक रेल्वेपेक्षा पक्कं होतं. अंधारात बसून मी मुलाला म्हटलं, “काळजी करू नकोस, पुढे ती दोघं अमेरिकेला जातात.” पहाटे वीज आली आणि मी एकट्याने उरलेली वीस-बावीस मिनिटं पाहिली.

विमानतळावर धुकं. रिक इल्झाला नवऱ्याबरोबर विमानात बसवतो. आपल्यासारख्या तीन किरकोळ माणसांच्या सुखदुःखाची या वेड्या जगात काय मातब्बरी, अशा अर्थाचं काही बोलतो. विमान जातं. तो मागे राहतो.

माझ्या हातातला चहा निवला. बत्तीस वर्षं मी जगाला खोटं सांगत होतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मला या सिनेमाच्या बाबतीत फारसं एकट्यालाच लाजायचं कारण नाही. पियानो वाजवणाऱ्या सॅमला ‘पुन्हा वाजव’ म्हणून सांगणारं जे वाक्य जगभरचे लोक तोंडपाठ म्हणतात, ते या सिनेमात त्या शब्दांत कुणीच म्हणत नाही. वूडी ॲलनने त्या वाक्यावर एका नाटकाचं नाव ठेवलं, तरी नाही. ‘कॅसाब्लांका’ हा सिनेमाच असा आहे की पाहणारा आपल्या पदरचं काहीतरी त्यात घालतोच.

त्यानंतर मी तो इतक्यांदा पाहिला आहे की आता त्याविषयी चार शब्द अधिकाराने बोलायला हरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हा सिनेमा जमायला नको होता. मुळात ते कधीही रंगभूमीवर न आलेलं एक नाटक. वॉर्नर ब्रदर्सनी ते वीस हजार डॉलरला विकत घेतलं. १९४२ च्या मे महिन्यात चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा पुरी नव्हती. एपस्टाइन नावाचे दोन जुळे भाऊ आणि हॉवर्ड कॉक हे लिहीत होते आणि पानं ताजी ताजी, गरम भज्यांसारखी, सेटवर येत होती. बर्गमनबाईंनी दिग्दर्शकाला विचारलं, मी प्रेम नक्की कुणावर करते आहे? उत्तर मिळालं, अजून ठरलेलं नाही, तूर्त मधलं काहीतरी कर. आणि त्या बाईने ते केलं! तिचा चेहरा नीट पाहा. डोळ्यांत पाणी उभं आहे, पण ते कोणाच्या नावचं आहे हे शेवटपर्यंत लागत नाही. आमच्याकडच्या नट्यांना पहिल्या दिवशीच सगळं माहीत असतं. त्यामुळे त्या पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळाचं रडतात.

दुसरी गोष्ट, ज्या परवान्यांसाठी एवढी मारामारी, तसला कागद जगात कधी नव्हताच. कुणालाही रद्द करता येणार नाही, कुणी प्रश्न विचारायचा नाही, नाव घातलं की चालू पडायचं. हा कागद नाटककारांच्या डोक्यातून निघाला. सरकारी कचेरीत पंधरा मिनिटं उभा राहिलेला कोणताही माणूस सांगेल की असा कागद असूच शकत नाही. असलाच तर त्याच्या तीन प्रती साक्षांकित करून आणायला सांगतील. पण सिनेमा पाहताना ही शंका येत नाही, कारण त्या कागदाकडे पाहणाऱ्या माणसांचे डोळे खरे आहेत.

आणि ते शब्दशः खरे आहेत. श्रेयनामावलीत ज्या नटनट्यांची नावं आहेत त्यांत अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघं. बाकीचे बहुतेक युरोपातले, आणि त्यांतले कित्येक हिटलरमुळे देशोधडीला लागलेले. जुगाराच्या टेबलावर चाक फिरवणारा मार्सेल दालिओ आणि रिकने झिडकारलेली ती इव्हॉन, म्हणजे मादलेन लबो, ही खऱ्या आयुष्यात नवराबायको. जर्मन फौजा येण्यापूर्वी पॅरिस सोडून लिस्बनमार्गेच निसटलेली. नात्झी मेजर झालेला कॉनराड फाइट स्वतः जर्मन, बायको ज्यू, १९३३ साली देश सोडलेला. म्हणजे ज्यांच्यापासून पळाला त्यांचाच गणवेश घालून उभा राहिला, आणि काय ऐटीत! म्हणून कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं सुरू करतात, लाझ्लो बँडवाल्यांना फ्रेंच राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, आणि सगळा कॅफे उठून गाऊ लागतो, तेव्हा लबोच्या गालांवरचं पाणी ग्लिसरिनचं नसतं. कर्टिझने तिथे काही केलेलं नाही. फक्त कॅमेरा त्यांच्या तोंडांसमोर ठेवला आहे. चांगला दिग्दर्शक कधी गप्प बसावं हे ओळखतो. ही कला आमच्या घरातही फक्त एका माणसाला येते, आणि ती मला नाही.

हा सिनेमा मी एकदा उल्हासनगरच्या एका सिंधी स्नेह्याला दाखवला. आमची मैत्री गाडीतली, वीस वर्षांची. त्याचं कापडाचं दुकान कॅम्प नंबर दोनमध्ये. हा ‘कॅम्प’ शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो कुठला कॅम्प हे विसरूनच गेलो आहोत. महायुद्धात सरकारने कल्याणजवळ फौजेसाठी छावण्या बांधल्या. युद्ध संपलं, फाळणी झाली, आणि सिंधमधून आलेली हजारो माणसं त्याच बराकींत येऊन राहिली. १९४९ साली गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण लोक अजून एक ते पाच असे कॅम्पच मोजतात. म्हणजे कॅसाब्लांका आमच्यापासून थोड्याच स्टेशनांवर आहे आणि आम्ही तिथे पडद्याचं कापड स्वस्त मिळतं म्हणून जातो!

माझी अपेक्षा, हा गडी विमानतळाच्या प्रसंगाला विरघळणार. छे! त्याने विमानतळावर जांभई दिली. तो हलला कुठे, तर एका विनोदी तुकड्यापाशी. एक म्हातारं जर्मन जोडपं अमेरिकेला निघालेलं असतं. आता आपण आपसात फक्त इंग्रजीच बोलायचं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. नवरा बायकोला किती वाजले विचारतो, ती उत्तर देते, दोघांचंही इंग्रजी पार चुकीचं, आणि जाड्या वेटर मायेने सांगतो की अमेरिकेत तुमचं छान जमेल. आम्ही सगळे हसलो. माझा स्नेही चष्मा पुसत होता. म्हणाला, “भाऊ, माझे आईबाप कराचीच्या बोटीत असंच हिंदी बोलत होते. आपसात. प्रॅक्टिस म्हणून. मी लहान होतो, मी हसत होतो.” मग बराच वेळ तो काही बोलला नाही. मी हा तुकडा तोपर्यंत दहा वेळा पाहिला असेल, आणि दहाही वेळा त्याला ‘विनोदी जागा’ म्हणत होतो.

अशा जागा या सिनेमात ठायी ठायी आहेत, आणि माझ्या मते त्याचा खरा मोठेपणा तिथे आहे. प्रेमकथा ही खुंटी. तिच्यावर ताटकळणाऱ्या माणसांचे कोट टांगलेले आहेत. आणि सगळ्यांवर देखरेख करणारा तो फ्रेंच पोलीस कप्तान रेनो, क्लॉड रेन्सने केलेला! इथे जुगार चालतो हे पाहून मला धक्का बसला, असं म्हणत कॅफेला टाळं ठोकतो आणि त्याच क्षणी नोकर त्याची जुगारातली जिंकलेली रक्कम त्याच्या हातात ठेवतो. हा गृहस्थ मला कॅसाब्लांकातला वाटलाच नाही. याला मी कल्याणला तीन वेळा भेटलो आहे.

लबाड्या तर किती! बर्गमन बोगार्टपेक्षा उंच. म्हणून त्याच्या बुटांना उंची द्यावी लागली. सॅम झालेला डूली विल्सन ढोलवादक, त्याला पियानो येतच नव्हता. शेवटचं ते विमान पुठ्ठ्याचं, स्टुडिओत उभारलेलं आणि लहान केलेलं. ते मोठं दिसावं म्हणून त्याच्याभोवती बुटके लोक यंत्रकामगार म्हणून उभे केले, आणि पुठ्ठा दिसू नये म्हणून धुकं सोडलं. हे समजल्यावर मला वाटलं होतं, आता काही मजा राहणार नाही. उलट झालं. आमच्या खडवलीला जानेवारीत भातसेवरून धुकं येतं, समोरच्या फलाटावरची माणसं गळ्यापासून खाली नाहीशी होतात, आणि कसारा लोकलसुद्धा काहीतरी गंभीर ठरवून निघाल्यासारखी दिसते. धुकं हे पुठ्ठ्याला आणि माणसाला सारखंच उपयोगी पडतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो मी इतका वेळ टाळत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

२००६ सालच्या त्या पहाटेपासून मी मनातल्या मनात रिक झालो होतो. त्याला कारण होतं. १९८४ साली ऑफिसने मला बढती देऊ केली होती. अधिकारी, वेगळं टेबल, टेबलावर घंटी. फक्त नागपूरला जायचं. बायकोची कल्याणला शाळेत नोकरी, नुकतीच कायम झालेली. तिला ती सोडावी लागेल, नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून खटाटोप. मी दोन दिवस विचार केला आणि नकार कळवला. घरी येऊन सांगितलं, “तुझ्यासाठी सोडलं.” ती काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ कृतज्ञता असा लावला. पुढे कारकून म्हणूनच निवृत्त झालो, पण कधी भाजीत मीठ जास्त पडलं, कधी वाद झाला, की मी खिडकीतून बाहेर पाहून हळूच म्हणायचो, “नागपूरला असतो तर...” आणि वाद थांबायचा. माणसाने त्याग एकदाच करायचा असतो. व्याज जन्मभर येतं.

गेल्या डिसेंबरात बायकोने ‘कॅसाब्लांका’ पहिल्यांदा सबंध पाहिला. आजवर तिला जमलंच नव्हतं. आधी पेपर तपासायचे असत, मग नातवंडं आली, मग गुडघे. या वेळी चष्मा लावून, शाल घेऊन, अक्षरं वाचत तिने अथपासून इतिपर्यंत पाहिला. त्या खोलीतल्या प्रसंगाला वीज गेली नाही. विमान उडालं, ‘समाप्त’ आलं. मी तिच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे.

“काय?” मी म्हटलं.

“चांगला आहे की. पण अहो, तिला कुणी विचारलं?”

“कुणाला?”

“त्या पोरीला. विमानात बसेपर्यंत तिला ठाऊकच नाही की आपण कुणाबरोबर निघालोय. नवऱ्याला माहीत नाही, तिला माहीत नाही. हा एकटा सगळं ठरवतो आणि मग तिलाच उपदेश करतो.”

“पण तीच म्हणाली होती ना, तू ठरव म्हणून!”

“रात्री रडताना माणूस काय वाट्टेल ते म्हणतं. सकाळी विचारायचं होतं.”

मी समीक्षकाच्या भूमिकेत शिरलो. तिला सांगितलं की त्या वेळच्या हॉलिवूडच्या नीतिनियमांप्रमाणे बाईने नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर गेलेलं दाखवणं चालणारच नव्हतं. म्हणजे शेवट रिकने ठरवला नाही, नियमांनी ठरवला. लेखकांचं कौशल्य असं की सक्तीचा शेवट त्यांनी त्याग करून दाखवला. ती म्हणाली, “तेच म्हणते मी. सक्ती होती, आणि नाव त्यागाचं झालं.”

मग जरा थांबून म्हणाली, “आमचे कोटणीस बघा.”

सोलापूरच्या माणसाशी कशावरही बोला, चादर, शेंगाचटणी किंवा डॉक्टर कोटणीस यांपैकी एकापाशी बोलणं येतंच. पण या वेळी मी हसलो नाही. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला गेले. जपान्यांशी लढणाऱ्या चिनी सैन्यातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. बाकीचे परतले, हे राहिले. तिथे नर्सिंग शिकवणाऱ्या क्वो छिंगलान हिच्याशी १९४१ च्या डिसेंबरात लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन मिळून एक शब्द. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय बत्तीस. मी मनाशी हिशेब केला. ‘कॅसाब्लांका’चा न्यूयॉर्कमधला पहिला खेळ २६ नोव्हेंबर १९४२ ला झाला. म्हणजे पुठ्ठ्याच्या विमानाभोवतीच्या धुक्याने न्यूयॉर्कचे लोक हेलावत होते, त्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी सोलापूरचा एक माणूस चीनमधल्या खेड्यात, साडेतीन महिन्यांचं मूल मागे ठेवून संपला. ना विमानतळ, ना पियानो.

त्यांच्यावर शांतारामबापूंनी १९४६ साली सिनेमा काढला, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. स्वतः कोटणीस झाले आणि जयश्रीबाईंना चिनी मुलगी केलं. तो बायकोने लहानपणी शाळेतर्फे पाहिलेला. मी म्हटलं, “पण सिनेमा म्हणून ‘कॅसाब्लांका’ उजवा आहे. कोटणीसमध्ये भाषणं फार.” ती म्हणाली, “असतील. सिनेमा तुमचा चांगला. पण तिथे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिथं राहायचं हेही आणि लग्न करायचं हेही. तिला कुणी उचलून विमानात नाही घातलं.”

एवढं बोलून ती उठली. दारापाशी थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, “मला नागपूर बघायचं होतं.”

“काय?”

“चौऱ्याऐंशी साली. शाळा काय, तिकडेही मिळाली असती. माझी मावशी होती तिथं. मोठं गाव, मोठी घरं, उन्हाळा असेना. मी मनात सामानसुद्धा बांधलं होतं. तुम्ही येऊन सांगितलंत, तुझ्यासाठी सोडलं. आता माणूस एवढा त्याग करून दारात उभा आहे म्हटल्यावर त्याला काय म्हणायचं?”

आमच्या घराच्या गॅलरीतून रूळ दिसतात. नागपूरच्या गाड्या आमच्याच रुळावरून जातात, पण खडवलीला थांबत नाहीत. रात्री विदर्भ एक्सप्रेस येते, फलाट हादरवते, उजेडाच्या खिडक्यांची माळ सरसर ओढत कसाऱ्याकडे जाते. चाळीस वर्षं ती गाडी गेली की बायको दोन मिनिटं गॅलरीत उभी असते. मी समजत होतो, नदीवरचा वारा घेते.

सिनेमाविषयीचं माझं मत बदललेलं नाही. ‘कॅसाब्लांका’ हा थोर सिनेमा आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं म्हणून नव्हे. त्यात कुणालाच हवं ते मिळत नाही आणि तरी प्रत्येकजण दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागतो, म्हणून. फक्त आता मी तो पाहताना बोगार्टकडे पाहत नाही. तो बोलत असताना बर्गमनच्या चेहऱ्याकडे पाहतो. तिथे एक प्रश्न उभा आहे, आणि तो इतकी वर्षं तिथेच होता. मी दर वेळी त्याच सुमाराला ‘जरा पाय घ्या’ म्हणून उठत होतो, एवढंच. १९७४ साली गाडीसाठी उठलो, नंतर गाडी नसतानाही उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी तिला विचारलं. रात्री नव्हे, सकाळी. “नागपूरला जाऊ या का?”

“कशाला? मावशी गेली की कधीच.”

“बघायला.”

तिने चहा संपवला. मग म्हणाली, “खालचे दोन बर्थ मिळाले तर. आणि संत्र्यांच्या दिवसांत.”

खालचे दोन बर्थ काही मिळाले नाहीत. एक खालचा, एक मधला. मधल्यावर मी जाईन असं म्हणणार होतो, पण जीभ चावली. आधी तिला विचारलं. गाडी खडवलीला थांबत नसल्यामुळे आम्हाला आधी उलटं कल्याणला जाऊन ती पकडावी लागेल, आणि त्याच गाडीतून पुन्हा आमच्याच घरासमोरून पुढे जावं लागेल. बायको म्हणते, गॅलरीतला दिवा लावून ठेवू या. गाडीतून कसा दिसतो ते एकदा पाहायचं आहे.